गर्द सुटले म्हणजे धोका टळला का?

वाचकांचे प्रश्न, मनोविकारतज्ज्ञांची उत्तरे

मागील अंकात दारूच्या व्यसनाविषयीच्या पत्रांना उत्तरे दिल्यानंतर गर्द (म्हणजेच ब्राऊन शुगर, हेरॉइनचे भेसळयुक्त रूप), अफू आणि त्याच जातीच्या औषधांविषयी विचारणारी बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून गावांची नावे गाळली आहेत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्या घरात उशीर झाला तर तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. दोन वर्षे तो ब्राऊन शुगर ओढत होता. आम्ही त्याला एका केंद्रात महिनाभर ठेवले. घरी आल्यावर तो नीट जेवू लागला, अंगावर मांस आले, आम्हाला वाटले की सुटले एकदाचे. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये काळी पडलेली पन्नी सापडली, त्यावर ठेवूनच तो ते ओढत असे. तो शपथेवर सांगतो की एकदाच घेतले. यजमान म्हणतात की याला घराबाहेर काढा, नाही तर जिथे मार देऊन सरळ करतात अशा ठिकाणी पाठवा. दीर म्हणतात की लग्न करून द्या, जबाबदारी पडली की आपोआप सुटेल. मी काय करू? – एक आई, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांचा संताप आणि तुमची घालमेल या दोन्ही गोष्टी मला समजतात, तरीही मुलाला घरात ठेवावे की नाही, या प्रश्नाच्या आधी एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधणे मला भाग आहे. महिनाभर गर्दापासून दूर राहिलेल्या मुलाने पुन्हा गर्द ओढले असेल, तर त्याच्या जिवाला असलेला धोका तो रोज ओढत होता त्या काळापेक्षा आज अधिक आहे. घरच्यांना हे सहसा कोणी सांगत नाही, आणि केंद्रातून सुटी देताना तर ते सर्वांत आधी सांगायला हवे.

याचे कारण असे. हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचे मॉर्फिन होते आणि ते मेंदूच्या ज्या भागांवर काम करते, त्यांत श्वास चालू ठेवणारे केंद्रही असते. रोज घेणाऱ्याचे शरीर हळूहळू सरावते, म्हणून नवख्या माणसाचा श्वास थांबवील एवढी मात्रा तो पचवतो आणि तेवढी घेऊनही चालता-बोलता राहतो. पदार्थ बंद झाला की हा सराव काही दिवसांत उतरू लागतो, परंतु मनाला आठवत असते ती जुनीच मात्रा. त्यातच रस्त्यावरच्या पुडीत हेरॉइन किती आणि भेसळ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. व्यसनमुक्ती केंद्रातून, रुग्णालयातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशा रुग्णांचे मृत्यू वाढतात, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. गर्दासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर हा धोका कितीतरी वाढतो, कारण या तिन्ही गोष्टी श्वास मंदावतात.

म्हणून पुढील लक्षणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असू द्या. मुलगा हाका मारून किंवा हलवूनही जागा होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, श्वास अगदी संथ आहे किंवा घशातून घरघर येते आहे, ओठ आणि नखे निळसर पडली आहेत, असे दिसले तर ती नशेची झोप समजून त्याला झोपू देऊ नका. ताबडतोब १०८ वर फोन करा आणि त्याने काय घेतले असावे ते स्पष्ट सांगा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला असेल तर डोके किंचित मागे करून, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, आणि फोनवरील माणूस सांगेल तसे करत राहा. मिठाचे पाणी, लिंबू, दूध किंवा ताक पाजण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले पाणी फुप्फुसात जाते. रुग्णालयात नॅलॉक्सोन हे इंजेक्शन देतात आणि रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो, परंतु त्या इंजेक्शनचा प्रभाव तासा-दीड तासात ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. तो उठून बसला आणि घरी जायचा हट्ट करू लागला, तरी डॉक्टर सांगेपर्यंत त्याला तेथेच ठेवा.

आता यजमानांच्या सूचनेविषयी. तुमच्या पत्रातील बाथरूमच्या उल्लेखाने मला अधिक काळजी वाटली. घरात भीती आणि अपमान वाढला की मुलगा आतून कडी लावून, एकटा, घाईघाईने ओढतो. अशा वेळी काही बिघडले तर दार फोडेपर्यंत वेळ निघून जाते. घराबाहेर काढलात तर हे एकटेपण आणखी वाढेल. त्याने जे केले त्याला तुम्ही मान्यता द्यावी असे मी म्हणत नाही. घेतले असेल तर लपवायचे नाही, आणि खरे सांगितल्याबद्दल मारहाण किंवा तमाशा होणार नाही, एवढा करार मात्र या आठवड्यातच तिघांनी बसून करावा. पैसे हातात देऊ नका, दागिने आणि कार्डे सुरक्षित ठेवा. हे सर्व त्याला सांगून, उघडपणे करा.

मार देऊन सरळ करणाऱ्या ठिकाणांविषयी माझे मत स्पष्ट आहे: तेथे मुलाला पाठवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आपल्या कक्षेत घेतल्या आहेत, अशा रुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली आहे, आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली आहे. केंद्र निवडताना ते नोंदणीकृत आहे का, मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, मुलाला भेटता येते का आणि सुटी झाल्यावर फॉलोअप किती महिने चालतो, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नाही तर दुसरे केंद्र पाहा.

महिनाभराच्या मुक्कामात काय होते, तेही समजून घेऊ या. गर्द बंद केल्यावर आठ-बारा तासांत जांभया, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे मोडल्यासारखी वेदना असा त्रास सुरू होतो. मुंबई-पुण्याकडचे रुग्ण त्याला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास शिगेला पोहोचतो आणि आठवडा-दहा दिवसांत बहुतांशी ओसरतो. नातेवाइकांना वाटते की येथे उपचार संपले, पण खरे उपचार यानंतर सुरू होतात. झोप महिनोन्‌महिने उडालेली असते, कशातच आनंद वाटत नाही, आणि एखादी गल्ली, एखादा मित्र किंवा नुसती चमकणारी पन्नी दिसली तरी ओढ उसळते. या काळासाठी औषधे आहेत. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायचे असते. ते ओढ शमवते, टर्की येऊ देत नाही आणि नेमून दिल्याप्रमाणे घेतले तर अतिमात्रेने होणारे मृत्यू कमी करते. हे ‘एका नशेऐवजी दुसरी नशा’ आहे, असा आक्षेप तुम्हाला ऐकू येईल. मी तो मान्य करत नाही: जो मुलगा रोज औषध घेऊन कामावर जातो, जेवतो, झोपतो आणि जिवंत राहतो, त्याला नशेत असलेला म्हणणे अन्यायाचे आहे. नॅलट्रेक्सोन हे दुसरे औषध गर्दाचा परिणामच होऊ देत नाही, परंतु ते सुरू करण्यापूर्वी सात-दहा दिवस शरीरात गर्द नसावे लागते, अन्यथा तीव्र टर्की येते. शिवाय ते मध्येच सोडून गर्द घेतल्यास अतिमात्रेचा धोका मोठा असतो. म्हणून यांतले कोणतेही औषध परस्पर देऊ नका, आणि त्याच्या नकळत जेवणात तर कधीच मिसळू नका.

दिरांच्या सूचनेविषयी एवढेच सांगतो की लग्न हा या आजारावरचा उपचार नाही. आज त्याचे लग्न केलेत तर दुसऱ्याच्या मुलीला, तिला न विचारता, रुग्णसेविका नेमल्यासारखे होईल.

उद्याच मुलाला घेऊन जिल्हा रुग्णालयातील किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार विभागात जा. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर आणि १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर तुम्हाला स्वतःलाही बोलता येईल, आणि तुम्ही बोलावे असे मला वाटते. दोन वर्षे तुम्ही रात्री जागून काढल्या आहेत, हे तुमच्या अक्षरांतूनच दिसते.

प्रश्न : आमच्या लहानपणी खेड्यात काही म्हातारी माणसे अफूची गोळी घेत, लहान मुलांनाही ती देत, आणि कोणी त्याचा बाऊ करत नसे. आजची ही व्यसने पाश्चात्त्य जीवनशैलीने आणली, असे आम्ही निवृत्त शिक्षक गप्पांमध्ये म्हणतो. हे खरे आहे का? – एक निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमची आठवण खरी आहे, पण तिच्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष मला पटत नाहीत.

पहिला निष्कर्ष असा की पूर्वीची अफू निरुपद्रवी होती. गिळलेली कच्ची अफू पोटातून सावकाश रक्तात उतरते, त्यामुळे तिची झिंग आणि तिची पकड गर्दाच्या मानाने धीमी असते, हे बरोबर आहे. मात्र गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी जी बाळागोळी देत, तीत अफू असे, आणि एकोणीसशे वीसच्या दशकात मुंबईतील डॉक्टरांनी या प्रथेविरुद्ध आवाज उठवला होता. अशी मुले सुकत जात, भूक लागली तरी रडत नसत, आणि मात्रा चुकली तर झोपेतून उठतच नसत. त्या आयांना दोष देणे मला जमत नाही. दहा-बारा तास यंत्रापुढे उभे राहायचे आणि मागे मूल सांभाळायला कोणी नाही, अशा स्थितीत त्यांना दुसरा मार्ग दाखवलाच गेला नव्हता. बाऊ झाला नाही याचा अर्थ हानी झाली नाही असा होत नाही; ती मोजली गेली नाही, एवढाच होतो.

दुसरा निष्कर्ष पाश्चात्त्य जीवनशैलीचा. या व्यापाराचा इतिहास पाहिला तर त्यात आपलाही मोठा भाग दिसतो. बिहार आणि बनारसकडची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीखाली कोलकात्याहून चीनला जात असे. माळव्याची अफू मात्र शिंदे आणि होळकर यांच्यासारख्या संस्थानिकांच्या मुलखात पिकत होती, आणि कंपनीचा हात चुकवून ती दमण आणि कराचीच्या वाटेने बाहेर पडे. पुढे कंपनीने परवाने देऊन आणि कर लावून तिला मुंबई बंदराकडे वळवले. त्या पैशावर मुंबईतील अनेक व्यापारी घराणी मोठी झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीही मोठ्या प्रमाणात चीनच्या व्यापारातून आली, त्यात अफू होती, आणि त्याच संपत्तीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५पासून मुंबईच्या गरिबांची सेवा करत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चीनच्या बादशहाने नेमलेल्या लिन झेशू या अधिकाऱ्याने १८३९ साली कँटनजवळ अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा ब्रिटनने युद्ध पुकारले, आणि १८४२च्या तहात चीनला हाँगकाँग गमवावे लागले. जप्त झालेल्या त्या पेट्यांतील माल आपल्या भूमीवर पिकलेला होता. चीनमध्ये कोट्यवधी लोक अफूच्या विळख्यात गेले, त्यात इंग्रजांच्या तोफा, आपल्या शेतकऱ्यांवरची सक्ती आणि आपल्या व्यापाऱ्यांची जहाजे अशा तिघांचा वाटा होता. म्हणून ‘हे बाहेरून आले’ असे म्हणताना मला अवघडल्यासारखे होते.

पाश्चात्त्यांचा वाटा आहे तो प्रयोगशाळेचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. शतकाच्या मध्यावर इंजेक्शनची सुई आली आणि ते थेट शरीरात टोचता येऊ लागले. लंडनमध्ये १८७४ साली राइट या रसायनशास्त्रज्ञाने मॉर्फिनपासून एक नवे संयुग तयार केले, आणि बायर कंपनीने १८९८पासून तेच खोकल्याचे औषध म्हणून ‘हेरॉइन’ या नावाने विकले. मॉर्फिनसारखे व्यसन याने लागणार नाही, असा विश्वास तेव्हा होता. तो लवकरच खोटा ठरला आणि १९१३मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. प्रत्येक पायरीवर पदार्थ अधिक शुद्ध होत गेला आणि मेंदूपर्यंत अधिक वेगाने पोहोचू लागला, आणि व्यसनाची पकड या वेगावर फार अवलंबून असते. आजोबांची गोळी आणि नातवाची पन्नी यांत एवढा फरक पडला तो यामुळे.

महाराष्ट्रात गर्द पसरले ते एकोणीसशे ऐंशीच्या दशकात. इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध यांमुळे त्या भागातील हेरॉइनच्या वाटा बदलल्या, पाकिस्तानमार्गे माल मुंबईत येऊ लागला, आणि पाहता पाहता महाविद्यालयांपासून झोपडपट्ट्यांपर्यंत पोहोचला. त्या वेळी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी देणगी दिली. तेथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे समुपदेशक होतात. त्याच सुमारास, १९८५मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदाही आला.

अलीकडे एमडी म्हणजे मेफेड्रोन या कारखान्यात बनणाऱ्या अमली पदार्थाची भर पडली आहे. २०१५मध्ये ते या कायद्याखाली आणले गेले, तरीही फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना सापडला. हे रसायन पिकवावे लागत नाही, त्याला सीमा ओलांडावी लागत नाही. तुमच्या गप्पांत पुढच्या वेळी हा विषय निघाला, तर जीवनशैलीपेक्षा या कारखान्याविषयी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : भाऊ गर्द घेतो. रुग्णालयात नेले तर पोलीस केस होईल, या भीतीने वडील नको म्हणतात. – एक बहीण, मुंबई उपनगर

उत्तर : १९८५च्या कायद्यानुसार अमली पदार्थाचे सेवन हा गुन्हा आहे आणि हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे वडिलांची भीती निराधार नाही. परंतु त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. विक्री किंवा वाहतूक करणाऱ्याला ही सवलत नाही. डॉक्टरांवर रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. भाऊ अजून कोणत्याही प्रकरणात अडकलेला नसताना उपचार सुरू होणे त्याच्या हिताचे आहे, आणि तो बेशुद्ध असेल तेव्हा पोलिसांचा विचार करत एक मिनिटही घालवू नका.

प्रश्न : मी अकरा महिने गर्दापासून दूर आहे. मित्र म्हणतात की भांग तर कायद्यानेही चालते, बिअरने काय होते. दुसरे म्हणजे घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलीकडच्यांना सांगावे का? आई म्हणते, नको. – एक तरुण, पुणे

उत्तर : आधी तुमचे मनापासून अभिनंदन.

१९८५च्या कायद्यातील व्याख्येत चरस आणि गांजा येतात, निव्वळ पानांची भांग येत नाही, हे खरे आहे. पण कायद्याची व्याख्या तुमच्या मेंदूला लागू होत नाही. भांग, गांजा किंवा बिअर यांनी टर्की येणार नाही. त्यांनी होते ते एवढेच, की ‘आज नको’ असे म्हणणारी तुमची शक्ती तासाभरापुरती सैल पडते, आणि जुना मित्र नेमका त्याच तासात शेजारी असतो. व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांपैकी अनेकांना तेथे हेरॉइनचे व्यसन लागले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा घरी परतल्यावर बहुतेकांचे व्यसन परत आले नाही असे दिसले. याची कारणे अनेक आहेत, पण पदार्थ, तो घेण्याची जागा आणि सोबत घेणारी माणसे हे सर्व एकदम मागे पडले, याला मी फार महत्त्व देतो. तुम्ही मात्र त्याच शहरात, त्याच गल्ल्यांतून जात आहात, म्हणून हे अंतर तुम्हाला स्वतःला निर्माण करावे लागेल. बिअरचा आग्रह करणाऱ्या मित्रांना वर्ष-दोन वर्षे तरी संध्याकाळी भेटू नका.

लग्नाविषयी तुमच्या आईची भीती मी समजू शकतो, पण माझे मत तिच्या विरुद्ध आहे. सांगावे, साखरपुड्याच्या आधी सांगावे, आणि मध्यस्थाकरवी नव्हे तर स्वतः त्या मुलीला सांगावे. काय घेत होता, किती काळ, कधी थांबलात, सध्या कोणते उपचार चालू आहेत आणि पुन्हा घसरण होण्याची शक्यता असते, हे सर्व त्यात यावे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्या करून घ्या, विशेषतः सुई कधी वापरली असेल तर, आणि त्यांचे अहवाल तिला दाखवा. तिला वाटल्यास तुमच्या समुपदेशकांना एकटीने भेटून प्रश्न विचारता येतील, असेही सुचवा. ती नाही म्हणाली तर त्या संध्याकाळी एकटे राहू नका. व्यसनातून बाहेर आलेल्यांच्या तुमच्या गटातील ज्या मित्राला रात्री केव्हाही फोन करता येतो, त्याला आधीच सांगून ठेवा.